क्लचचा पाय

डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?"

मी म्हटलं, "बसून असते."

अगदीच खोटं नव्हतं ते. गेली चोवीस वर्षं मी गाडीत बसूनच आहे, फक्त स्टिअरिंगमागे नाही, त्याच्या शेजारच्या सीटवर. मुलुंडमध्ये मी बायकांना गाडी शिकवते. स्वतःचा क्लास आहे. क्लास म्हणजे एक छोटी गाडी, तिच्या टपावर पाटी आणि मी.

डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "बसून गुडघा असा होत नाही." मग सांगावंच लागलं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो. शिकणारी चुकली की तो मी दाबायचा. आणि शिकणारी चुकतेच, म्हणून तर ती शिकायला आलेली असते. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर, सकाळी सहा ते अकरा आणि पुन्हा संध्याकाळी चार ते आठ. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे असतील. त्यांनी एक्स-रे पाकिटात घातला आणि सरळ सांगितलं, "मॅडम, एक तर क्लच सोडा, नाही तर गुडघा बदला."

क्लच सोड, हे मी दिवसातून शंभरदा दुसऱ्यांना सांगते. मला ते पहिल्यांदाच कोणी सांगत होतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला क्लास बंद करायचा नव्हता. सत्तावन्नाव्या वर्षी मला दुसरं काही येत नाही आणि शिकायची ताकदही उरलेली नाही. घरात माझं कोण ऐकतं? मुलगा परगावी, नवरा रिटायर झाल्यापासून स्वतःचंच ऐकतो. पण गाडीत बसलं की शेजारची बाई, मग ती कॉलेजची प्राध्यापिका असो की कोणाची नवी सून, माझ्या एका शब्दावर पाय हलवते. ते सुख मला सोडवत नव्हतं. गुडघा वाचवायचा होता आणि क्लासही ठेवायचा होता. दोन्ही डगरींवर हात म्हणतात, तसं.

घरी येऊन एक्स-रेचं पाकीट टेबलावर टाकलं. नवऱ्याने चष्मा लावून ते उलटसुलट केलं आणि म्हणाला, "इलेक्ट्रिक घे."

"काय?"

"इलेक्ट्रिक गाडी. तिला क्लच नसतो."

रिटायर झाल्यापासून या माणसासमोर जगातल्या सगळ्या गोष्टी दोन ढिगांत पडल्या आहेत. एकात सेन्स आहे, दुसऱ्यात सेन्स नाही. सोसायटीच्या बागेत कारंजं बांधण्यात सेन्स नाही. दुपारी अर्धा तास झोपण्यात सेन्स आहे. इलेक्ट्रिक गाडी कुठल्या ढिगात टाकायची, यावर त्याने पुढचे पंधरा दिवस मोबाइलमध्ये डोकं घालून काढले. रोज जेवताना मला अहवाल.

"अगं, तुझा क्लास म्हणजे अशा गाडीसाठीच जन्माला आलाय. दिवसभर गाडी मुलुंडच्या बाहेर जात नाही. वीसच्या वर वेग नाही. दुपारी घरी येते, तेव्हा लावायची चार्जिंगला. लोकांना रेंजची भीती असते, बॅटरी रस्त्यात संपली तर काय. तू कुठे जाणार आहेस? चेकनाक्यापर्यंत?"

"अहो, मग साधी ऑटोमॅटिकच घेऊ ना. तिलाही क्लच नसतो."

"आणि सिग्नलला उभं राहून पेट्रोल जाळायचं? त्यात काय सेन्स आहे?"

सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारायला तोच गेला. खाली खांबांमधल्या आमच्या पार्किंगपर्यंत मीटरच्या खोलीतून वायर आणायची होती. दोरी लावून त्याने लांबीसुद्धा मोजली. वर आला तो खूश. "ते म्हणाले, हरकत नाही." आमच्या सोसायटीत हरकत नाही म्हणजे कोणी अडवणार नाही आणि कोणी हातही लावणार नाही. पण त्याचा उत्साह पाहून मला दमल्यासारखं झालं. हल्ली दुसऱ्याचा उत्साह पाहूनच दमायला होतं.

माझी अडचण वायरची नव्हती. ती मी त्याला सांगूनही त्याला कळली नसती. मी शिकवते काय, तर हाफ क्लच. बाकीचं कोणीही शिकवेल. मुलुंड कॉलनीच्या वरच्या अंगाला डोंगराकडे चढत जाणारा एक रस्ता आहे. सातव्या-आठव्या दिवशी मी बाईला तिथे नेते आणि चढावर मधोमध गाडी थांबवायला लावते. मग सांगते, ब्रेकवरून पाय काढायचा, पण गाडी मागे जाता कामा नये. ती घाबरते. मी म्हणते, "दूध वर यायला लागलं की गॅस बारीक करतेस ना? उतू जाऊ द्यायचं नाही आणि बंदही करायचं नाही. तसं. क्लच सोड. हळू... हळू. आता थांब." आणि एका क्षणी गाडी थरथरते, इंजिनाचा आवाज जड होतो, पुढचं नाक किंचित उचललं जातं आणि गाडी चढावर तशीच उभी राहते. ना पुढे, ना मागे. त्या वेळी बाईचं तोंड बघावं. चोवीस वर्षं मी ते तोंड बघायला जाते.

क्लचच नसेल तर मी काय शिकवणार? हा पाय इकडे, तो पाय तिकडे, झालं. शिवाय घरोघरचे सासरे आणि नवरे. "गिअरच्या गाडीवर शिक, ऑटोमॅटिक काय, कोणीही चालवेल." या 'कोणीही'मध्ये कोण येतं ते मला चांगलं ठाऊक आहे आणि म्हणूनच माझ्या बायका मान वर करून गिअरच्या गाडीवर शिकतात. उद्या त्यांना काय सांगू, माझा गुडघा गेला, तेव्हा आता तुम्ही सोपं ते शिका?

तरी बघायला गेलो. एलबीएस रोडवरच्या शोरूममधून एक शर्ट खोचलेला विक्रेता आमच्याबरोबर बसला. नवरा मागे. मी चालवणार होते. बटण दाबलं आणि वाट बघत बसले.

"चला ना मॅडम," विक्रेता म्हणाला.

"चालू तर होऊ दे."

"चालूच आहे, मॅडम."

आवाज नाही, थरथर नाही, काही नाही. मला हसू आलं आणि जरा घाबरायलाही झालं. गाडी निघाली मात्र लोण्यासारखी. मेट्रोच्या कामाचे पत्रे, मधे घुसणाऱ्या रिक्षा, सगळ्यांतून मी ती आरामात काढली. डावा पाय नुसता बाजूला ठेवलेला. पहिल्यांदाच वाटलं, नवऱ्याच्या बोलण्यात तथ्य आहे. मग भांडुपच्या सिग्नलला दिवा लाल झाला. आणि माझ्या डाव्या पायाने, मला न विचारता, जे गाडी शिकल्यापासून केलं तेच केलं. क्लच दाबला. सगळा. क्लच तिथे नव्हता. तिथे ब्रेकचं रुंद पेडल होतं.

गाडी जागच्या जागी थांबली. विक्रेत्याची फाइल काचेवर गेली, नवऱ्याचं नाक माझ्या सीटवर आपटलं. मागच्या टेम्पोवाल्याने जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

विक्रेता कागद गोळा करत म्हणाला, "होतं मॅडम. सगळ्या जुन्या ड्रायव्हरांना होतं."

त्या 'जुन्या'ने मला घरी पोचेपर्यंत सोडलं नाही. नवरा नाक चोळत होता. म्हणाला, "सवय होईल." मी म्हटलं, "सवयच झालीये, तोच तर घोळ आहे."

एक प्रश्न उरला होता पेडलचा. इलेक्ट्रिक गाडीतही माझ्या पायाखाली ब्रेक तरी हवाच. त्याशिवाय नवख्या बाईशेजारी बसणं म्हणजे जीव देणं. आमच्या क्लासवाल्यांच्या गाड्यांना पेडल बसवणारा घाटकोपरला आहे. माझ्या पहिल्या गाडीची पेडलं त्याच्या वडिलांनी बसवली होती, आता तो बसवतो. मी गाडीचं माहितीपत्रक घेऊन गेले. त्याने ते बाकावर पसरून बराच वेळ पाहिलं, मग ग्रीसचा हात मागे पुसला.

"मॅडम, याच्या खाली पूर्ण बॅटरी आहे. आपण फ्लोअरला होल मारून रॉड टाकतो ना, इकडे होल मारला तर वॉरंटीची वाट लागली. कंपनी हात वर करेल."

"मग?"

"केबल टाकून बघता येईल, वरून. नुसता ब्रेक. पण मी कधी केलेलं नाही, खोटं कशाला बोलू." मग तो माझ्याकडे बघून जरा मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, अजून किती वर्षं करणार तुम्ही?"

"तुला काय करायचंय?" मी म्हटलं. फार जोरात म्हटलं असणार, कारण शेजारच्या गाडीखालून एक डोकं बाहेर आलं. त्याने वाईट हेतूने विचारलं नव्हतं. मला राग त्याचा आलाच नव्हता. रिक्षात बसून परत येताना मला कळत होतं की हा प्रश्न मी सोडून सगळ्यांचा स्वतःशी विचारून झालेला आहे.

पुढचा महिना असाच गेला. नवरा वायरची चौकशी करत होता, मी टाळत होते. सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून निघायचं, क्लच दाबायचा, संध्याकाळी परत दाबायचा, घरी येऊन गुडघा शेकायचा. घ्यावी की घेऊ नये, हे ठरवण्याचासुद्धा कंटाळा आला होता. वाटायचं, कोणीतरी यावं आणि ठरवून जावं.

तेवढ्यात एक फोन आला.

"मॅडम, जय भीम. ओळखलंत का?"

आवाज ओळखीचा होता, चेहरा आठवेना. मग तिने सांगितलं, सातेक वर्षांपूर्वी तुमच्याकडे यायचे, नर्स, जालन्याकडची, नाहूरला राहते. तेव्हा लख्ख आठवली. हुशार पोरगी. इंजेक्शन देताना हात कापत नसेल हिचा, पण क्लचवर पाय ठेवला की सगळं अंग ताठ. तिला हाफ क्लच कधी सापडलाच नाही. एकदा त्या चढावर गाडी मागे घरंगळत गेली आणि मी दोन्ही पेडल दाबून ती एका भाजीच्या गाडीपासून हातभर अंतरावर थांबवली. त्यानंतर ती आली नाही.

"मॅडम, मी गाडी घेतली. इलेक्ट्रिक. क्लच नाही ना, म्हणून घेतली. परत शिकले, लायसन पण काढलं. पण एकटीला भीती वाटते. आठ दिवस शेजारी बसाल का? पवईला ड्यूटी आहे माझी, सातची. सहाला निघायचं."

मी सकाळच्या बायकांना त्या आठ दिवसांपुरती उशिराची वेळ दिली आणि हो म्हटलं. फार चांगुलपणाने नाही. मला आठ दिवस इलेक्ट्रिक गाडीत शिकवायला मिळणार होतं. क्लच नाही, पेडल नाही, गुडघ्याला आराम. नवऱ्याला म्हटलं, "आता कळेलच सेन्स आहे की नाही ते."

पहिल्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले आणि पाय कुठे ठेवायचे हेच कळेना. समोर नुसती स्वच्छ जमीन, नवी कोरी करडी मॅट. ती हसली. "काय झालं, मॅडम?" मी म्हटलं, "काही नाही, चल."

चांगली चालवत होती. आरसा बघत होती, बस थांब्यावरून सुटायच्या आत अंतर ठेवत होती. भीती होती, पण ती डोळ्यांत होती, पायात नव्हती. नाहूरहून एलबीएसने सरळ, गांधीनगरला उजवीकडे वळून लिंक रोडचा चढ. चढावर सिग्नलला थांबलो तेव्हा मी सवयीने श्वास रोखून धरला. सिग्नल सुटला, ती निघाली. गाडी एक इंचसुद्धा मागे गेली नाही. सात वर्षांपूर्वी मुलुंडच्या चढाने जिला रडवलं, तिने हा चढ गप्पा मारत पार केला. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, उगाच कशाला खोटं लिहू. चोवीस वर्षं दूध आणि गॅस सांगत आले आणि इथे दूध उतूच जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला काय म्हणाला होतात आठवतं?"

"काय?"

"त्या भाजीच्या गाडीच्या वेळी. म्हणालात, बाई, तू रिक्षानेच फिर."

मला आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, नाकारण्यात अर्थ नव्हता. "रागात म्हटलं असेल गं."

"हो ना. मी मनावर घेतलं. सहा वर्षं रिक्षानेच फिरले," ती म्हणाली आणि इंडिकेटर देऊन लेन बदलली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला सोपं गेलं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि मला माझी लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला उठताना गुडघ्यातून कळ आली. चौथ्या दिवशी तो सुजला. मी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसले. नवरा समोर येऊन उभा राहिला.

"पण तिकडे क्लच नाही ना?"

"नाही."

"आणि तुझ्या बायका?"

"त्यातल्या दोघी सुट्टीवर आहेत. क्लच नेहमीपेक्षा कमीच दाबलाय या आठवड्यात."

"मग का सुजला?"

"मला काय माहीत? हवा बदललीये. तिची सीट उंच आहे. तुम्ही जरा गप्प बसता का?"

तो गप्प बसला, पण मला दिसत होतं की त्याच्या डोक्यात ही गोष्ट दोन्ही ढिगांत बसत नाहीये. माझ्याही बसत नव्हती. क्लच सोडला तर गुडघा वाचेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. क्लच सोडला होता. गुडघा जास्त दुखत होता.

सहावा दिवस. कांजूरजवळ एक टेम्पो गल्लीतून उलटा बाहेर आला. मागे उभं राहून बघायलासुद्धा कोणी नाही, नुसता मागचा दिवा. मी ओरडायला तोंड उघडलं, तोवर तिने गाडी थांबवली होती. हळू, नीट, मागच्याला त्रास न होता. टेम्पो गेला, आम्ही निघालो. मी म्हटलं, "छान." आणि पवई तलावाच्या अलीकडच्या सिग्नलला आम्ही थांबलो, तेव्हा ती माझ्या पायांकडे बघत होती.

"मॅडम, तुम्ही काय करताय?"

"काय करतेय?"

"खाली बघा."

मी खाली पाहिलं. नवी करडी मॅट पुढे सरकून, गोळा होऊन, डॅशबोर्डखाली जाऊन बसली होती. माझा डावा पाय तिच्यावर होता. नुसता ठेवलेला नव्हता, रेटलेला होता. गुडघा काठीसारखा ताठ, मांडी दगड झालेली, टाच जमिनीत रुतलेली. शेजारी उजवा पाय तसाच. गाडी सिग्नलला शांत उभी होती आणि मी अजून क्लच दाबून बसले होते. नाहूरपासून दाबून बसले होते. सहा दिवस.

"रोज मी मॅट सरळ करते," ती म्हणाली. "रोज ती पुढे जाते. मला वाटलं, पहिल्या दिवशी असेल. मग वाटलं, मॅडमना माझी भीती वाटतेय."

"तुझी नाही गं," मी म्हटलं. पण मग कोणाची, ते मला सांगता येईना. ती चांगली चालवते हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तोंडाने मी तिला छान म्हणत होते. पायाला ते कोणी सांगितलंच नव्हतं. चोवीस वर्षं हजारो बायका माझ्या शेजारी बसून गेल्या, शिकल्या, आपापल्या गाड्या घेऊन कुठे कुठे गेल्या, आणि त्यांतल्या एकीवरही माझ्या या पायाने विश्वास ठेवला नव्हता.

पाय उचलायला गेले तर उचलला जाईना. आखडला होता.

तिने माझ्याकडे पाहिलं. वॉर्डात पेशंटकडे बघत असेल तसं, घाई न करता. मग म्हणाली, "मॅडम, क्लच सोडा. हळू..." आणि तो 'हळू' तिने अगदी माझ्यासारखा लांबवला. "हळू... आता थांबा."

मी सोडला. आधी टाच, मग तळवा. मांडी थरथरत होती. सिग्नल हिरवा झाला, ती निघाली. माझे पाय हवेत होते, म्हणजे जमिनीपासून दोन बोटं वर, आणि ते कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं. शेवटी सीटला चिकटवून मागे घेतले. एका बाइकवाल्याने डावीकडून येऊन कट मारला. तिने ब्रेक लावला, शिवी दिली नाही, पुढे गेली. काही झालं नाही. मी काहीच केलं नव्हतं आणि काही झालं नव्हतं. मला एकदम रडू आलं. तिला दिसू नये म्हणून मी पर्समध्ये रुमाल शोधत बसले, बराच वेळ.

हॉस्पिटलच्या फाटकाशी तिने गाडी लावली, आरशात केस नीट केले. "मॅडम, उद्या?"

"उद्यापासून तू एकटी ये," मी म्हटलं. "तुला माझी गरज नाही. पहिल्या दिवसापासूनच नव्हती."

ती वाकली, माझ्या बाजूची मॅट ओढून सरळ केली आणि ड्यूटीवर गेली. मी रिक्षा केली. मुलुंड म्हटल्यावर तो मीटर पाडून निघाला आणि मी नवऱ्याला फोन लावला.

"गाडी नको घ्यायला."

"का? काय झालं? सेन्स नाही?"

"गाडीत सेन्स आहे हो. सगळा सेन्स आहे. क्लच गाडीत नाहीये, माझ्यात बसवलाय. तो निघत नाही."

त्याने विचारलं, "आणि क्लास?"

मी हे आधी कोणालाच, स्वतःलाही, सांगितलेलं नव्हतं. "हातात तिघी आहेत. त्यांचं होऊ दे. मग घाटकोपरला नेऊन पेडल काढून घेऊ. पाटीपण उतरवू."

"बरं," तो म्हणाला. सेन्स आहे असं म्हणाला नाही, नाही असंही म्हणाला नाही. "ये घरी. मी चहा टाकतो."

रिक्षा कांजूरच्या उताराला लागली. पुढे बस थांबत होती, आणि रिक्षावाला मोबाइलवर बोलत होता. माझा डावा पाय पुढच्या सीटखालच्या पत्र्यावर जाऊन दाबला गेला होता, सगळा. मी दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि त्याला वर उचललं.